हिरव्या टपावरचा अंगठा

व्हॅन सगळी मिळून अडीच इंचांची. बेकरीचा माल पोचवणाऱ्या खऱ्या व्हॅनची खेळण्यातली धाकटी बहीण. जस्ताची ओतीव, गोल टपाची, नाकाशी जराशी फुगलेली आणि रंगाने हिरवी. कोवळ्या पानातून ऊन आरपार आलं की दिसतो ना, तसा हिरवा. आणि टपावर बरोब्बर मधोमध अंगठ्याचा ठसा. रंग ओला असतानाच कुणीतरी घाईघाईने उचलली होती, आणि अंगठ्याच्या सगळ्या रेघा त्या रंगात तशाच वाळून बसल्या होत्या.

तो अंगठा आजीचा.

घरात हे एकट्या आजोबांना माहीत होतं. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते लपवायचं म्हणून नव्हे. आपण आपल्या उशीबद्दल कुणाला काय सांगतो? डोकं टेकतो, झालं. तसंच. आजी जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षं रोज सकाळी चहा संपला की आजोबा खिडकीतल्या खुर्चीत बसत, कठड्यावरची व्हॅन उचलत आणि आपला अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवत. अलीकडे डोळ्यांनी दगा दिला होता. दारात कुणीतरी उभं आहे एवढं दिसे, कोण ते आवाजावरून ओळखायचं. पण अंगठ्याला काही चष्मा लागत नाही.

त्यांची नात मात्र सगळं डोळ्यांनी बघणारी. पंधरा वर्षांची, दहावीत. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. वर्षभरापूर्वीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. मग माळ्यावर बुटांच्या खोक्यात बाबांच्या लहानपणच्या सतरा गाड्या सापडल्या, आणि बाईसाहेबांना वाचा फुटली. आता तिच्याकडे एकशे बेचाळीस होत्या. काचेचं कपाट होतं, भिंग होतं, एक जाडजूड वही होती, आणि कुठल्याही विषयावरून गाडीवर येण्याची कला होती.

"सुरुवातीला गाड्यांना काचाच नव्हत्या," ती जेवताना सांगायची. "खिडक्या म्हणजे नुसती भोकं. मग प्लॅस्टिकच्या काचा आल्या, मग आत सीटा, मग स्प्रिंगा, मग उघडणारी दारं. आणि मग एका वर्षी सगळ्यांना वेगाचं वेड लागलं, की जाड आस जाऊन तारेएवढे बारीक आस आले. चाकं अशी पळायला लागली की—"

"आमटीत हात गेला तुझा," आई म्हणायची.

हे सगळं ती शिकली आजोबांकडून. आजोबा खेळण्यांच्या कारखान्यात साचे कोरायचे. आधी लाकडाची चौपट मोठी गाडी कोरायची, मग यंत्राने तिचा आकार पोलादात चौथ्या हिश्शाएवढा लहान करून उतरवायचा, आणि मग त्या पोलादी साच्यात भिंग लावून कडा स्वच्छ करत बसायचं, दिवसच्या दिवस. कारखान्यात त्यांना 'अर्धेसाहेब' म्हणत, कारण अर्ध्या मिलिमीटरवरून ते कुणाशीही भांडत.

"खरी गाडी मापात लहान केली ना, की ती मेलेली दिसते," ते भिंगरीला सांगत. "खेळण्याकडे पोर वरून बघतं. म्हणून टप अर्धा मिलिमीटर फुगवायचा. म्हणजे गाडी खोटी होते, आणि खरी दिसायला लागते."

"आणि ते लिहिलंय कुठे?"

"इथे," असं म्हणून ते अंगठा दाखवत.

त्यांनी कोरलेल्या एकतीस गाड्यांपैकी घरात एकच उरली होती, ती हिरवी व्हॅन. भिंगरीचा तिच्यावर डोळा होता. कपाटात मधल्या फळीवर मधोमध तिने तेवढी जागा रिकामी ठेवली होती. पण आजोबा ती देत नव्हते.

"एवढी नातीला देऊन टाका की," ती लाडात येऊन म्हणे.

"तुला एकशे बेचाळीस आहेत. मला एक आहे."

"पण हा हिरवा कुणी फासलाय हो?" तिने एकदा विचारलं होतं.

आजोबा हसले होते. "होती एक. हाताला फार घाई."

भिंगरीला वाटलं, आत्या. आत्याचा लहानपणचा धसमुसळेपणा घरात प्रसिद्ध होता. तिने वहीत लिहून टाकलं: बेकरी व्हॅन, आजोबांचा साचा, घरी फासलेला रंग, बहुतेक आत्या.

इथे एक सांगायला हवं. जुन्या गाड्या जमवणाऱ्यांचा एक नियम असतो, आणि तो मोडणाऱ्याकडे ते लोक जातिबाहेर टाकल्यासारखं बघतात. मूळ रंगाला हात लावायचा नाही. पोपडे उडालेले असोत, चाक तिरकं असो, जे कारखान्यातून आलं ते तसंच ठेवायचं. हा नियम भिंगरीला पाठ होता. शाळेत तिने यावर दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं आणि बक्षीसही आणलं होतं. पण नियमाला एक खिडकी असते. रंग जर मूळचा नसेल, कुणी घरी वरून फासला असेल, तर तो काढून गाडी मूळ रूपात आणणं म्हणजे पुण्यकर्म.

आणि कारखान्याच्या कॅटलॉगमध्ये ही व्हॅन लाल होती. सलग चार वर्षांच्या कॅटलॉगमध्ये लाल, फक्त लाल. चष्म्याच्या दुकानाचे मालक, ज्यांना संग्राहकांच्या मंडळात सगळे चष्मेकाका म्हणत, त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून भिंगरीने चारही कॅटलॉग पानोपान तपासले होते. हिरवी व्हॅन कधी निघालीच नव्हती.

त्याच खोलीत चष्मेकाका तिला म्हणाले, "पुढच्या रविवारी कारखान्यातल्या जुन्या लोकांना बोलावतोय. वाचनालयाच्या सभागृहात. तुझ्या आजोबांना घेऊन ये. आणि त्यांची गाडी असेल ती आण."

"आणते की," भिंगरी म्हणाली, आणि तिच्या डोक्यात लख्खकन दिवा लागला.

आजोबा सोमवारी सकाळी आत्याकडे चार दिवसांसाठी गेले. व्हॅन नेली नव्हती. गाडी हरवेल म्हणून ते तिला घराबाहेर काढत नसत. त्याच दिवशी शाळेतून आल्यावर भिंगरीने गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, हातमोजे घातले आणि कामाला लागली.

तिचा हात चांगला होता, हे खरंच. तळपट्टीच्या रिव्हेटा तिने बारीक गिरमिटाने अशा अलगद कापल्या की पट्टीवर ओरखडा नाही. चाकं काढून बाटलीच्या झाकणात ठेवली. मग जॅमच्या बरणीत रंग उतरवायचं द्रावण ओतलं, गाडीचं नुसतं धड तारेला अडकवून आत सोडलं आणि बघत बसली. हिरवा आधी सुरकुतला. मग दुधावर साय धरते तसा वर आला आणि सुटला. टपावरच्या रेघा थोडा वेळ तशाच राहिल्या, गोल गोल, एकात एक. मग त्याही पसरल्या आणि विरघळून गेल्या. भिंगरीने जुन्या टूथब्रशने कानाकोपरा घासला, पाण्याखाली धरलं आणि व्हॅन उजेडात आणली.

चकचकीत, राखाडी, कोरी.

तिला क्षणभर काहीतरी खटकलं. हिरव्याच्या खाली लाल नव्हता. दाराच्या फटीत नाही, चाकाच्या कमानीत नाही, कुठेच लालाचा कणही नाही. कुणी घरी वरून रंग फासला असता तर खाली मूळचा लाल सापडायला हवा होता. वर्षभर दुसऱ्यांच्या गाड्या भिंगाखाली धरून ती हेच तर सगळ्यांना शिकवत होती. मग तिने स्वतःला समजावलं, की आत्याने आधी लाल खरवडून काढला असेल. सहा वर्षांच्या मुलीने, चाकाच्या कमानीच्या आतून. भिंगरीने ते स्वतःला पटवलं, कारण बरणीतला हिरवा आता परत येणार नव्हता.

बरणी तिने कापडातून गाळली. चिखलासारखा रंग त्या कापडात गुंडाळून कचऱ्यात टाकला. दोन दिवस लावून तीन पातळ थर दिले लालाचे, आणि टाचणीच्या डोक्याने दिव्यांवर चंदेरी ठिपके. बुधवारी कचऱ्याची गाडी आली आणि गेली. गुरुवारी संध्याकाळी चाकं आणि तळपट्टी परत बसवलेली व्हॅन कठड्यावर तिच्या जागी उभी होती, आणि भिंगरीला रात्री आनंदाने धड जेवणही गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी आजोबा परतले. पिशवी ठेवली, चहा घेतला, खुर्चीत बसले. हात सवयीने कठड्यावर गेला. भिंगरी दाराआडून बघत उभी.

अंगठा टपावर टेकला आणि थांबला. मग थोडा पुढे सरकला. मग मागे. मग आजोबांनी व्हॅन उलटी केली, तळपट्टीवरची आपण कोरलेली अक्षरं नखाने चाचपली, पुन्हा सुलटी केली आणि पुन्हा टपावरून अंगठा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जणू काहीतरी बाजूला सांडलंय आणि ते सापडेल.

भिंगरीला धीर धरवेना. "ओळखली का? कारखान्यातून आत्ताच निघालीय अशी केलीय मी. सगळा फासलेला रंग काढला."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती सुरू होईना.

"कुठला दिलास?" त्यांनी विचारलं.

"लाल. कॅटलॉगमधला. तीन थर."

त्यांनी अंगठा दाराच्या कडेवर नेला, नाकावर नेला, चाकाच्या कमानीत घातला. साचे कोरणाऱ्याचा अंगठा. "ओघळ नाही कुठे," ते म्हणाले. "कडा बुजल्या नाहीत. हात चांगला आहे तुझा."

"आवडली?"

"चांगली झालीय हो." आणि मग, "मी जरा पडतो. आत्याकडे झोप नाही लागली नीट."

सकाळी साडेनऊला आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले. आई म्हणाली प्रवासाचा शीण. भिंगरी शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीत तिने अख्ख्या बाकाला सांगितलं, की अर्धेसाहेबांनी तिच्या कामात एक चूक काढली नाही.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात टेबलांवर हिरवं बनातीचं कापड पसरलं होतं आणि त्याच्यावर गाड्यांच्या रांगा. कारखान्यातली वीस-बावीस म्हातारी माणसं आली होती, आणि ती गाड्यांपेक्षा एकमेकांच्या टकलांवर जास्त बोलत होती. भिंगरीने आजोबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यासमोर लाल व्हॅन मांडली, शेजारी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी: मूळ रूपात.

तेवढ्यात काठी टेकत एक आजीबाई आल्या. पांढरे केस, हसरा चेहरा, आवाज सभागृहाच्या त्या टोकाला जाईल असा.

"काय अर्धेसाहेब, अजून अर्धेच आहात की पुरे झालात?"

आजोबांचा चेहरा उजळला. "फवारामावशी," ते म्हणाले. "आवाजाला गंज नाही चढला तुमच्या."

"चढेल कसा, रोज वापरात आहे." त्या भिंगरीकडे वळल्या. "मी रंगखात्यात होते गं. फवारा मारायचे. तुझी आजी माझ्या शेजारच्या टेबलावर. सारख्या आम्ही हसायचो म्हणून मुकादमाने मध्ये पत्रा ठोकला होता. पत्र्यावरून बोलायचो." मग टेबलाकडे वाकल्या. "हे काय, लाल? लाल तर बाजारात हजारो होत्या. आपली हिरवी नाही आणलीत?"

आजोबा म्हणाले, "मावशी, चहा घ्या ना."

"घेते हो. हिला सांगू तर दे, हिला माहीत नसेल." आणि भिंगरीचा हात धरून मावशी सांगू लागल्या. "व्हॅन कुठल्या रंगात काढायची ते ठरायचं होतं, तर तुझ्या आजीने स्वतः एक हिरवा बनवला. कुठल्या तक्त्यात नव्हता, चार डब्यांतून थेंब थेंब घेऊन केलेला. कोरी व्हॅन घेतली, रंगवली, आणि वाळायची वाट न बघता तशीच उचलून धावत साचेखात्यात. हे तिथे बसलेले मान खाली घालून. म्हणाली, तुमच्या टपाला हाच रंग शोभतो. हे कधी कुणाशी बोलत नव्हते, तोंडातून शब्द फुटेना. साहेबांनी लाल ठरवला, हिरव्या व्हॅनवर अंगठा उठलेला म्हणून ती भंगारात टाकली. ह्यांनी भंगारातून ती शोधून काढली. मग काय, पुढच्या वर्षी लग्नच. अशी एकच होती बघ. आम्ही तिला अंगठेवाली म्हणायचो."

आणि मग मावशींनी पुन्हा विचारलं, "ती कुठाय?"

भिंगरीला तोंड उघडायचं होतं, पण त्याआधी आजोबांचा शांत आवाज आला.

"रंगाचे पोपडे निघायला लागले होते, मावशी. फार जुना झाला होता. मीच सांगितलं पोरीला, काढून टाक म्हणून. बघा, किती सफाईने केलंय."

मावशींनी आजोबांकडे पाहिलं. मग भिंगरीकडे. त्यांच्या लक्षात आलं, आणि "चहा घेते मी," म्हणून त्या वळल्या. शेजारी चष्मेकाका उभे होते. त्यांच्या हातातलं भिंग त्यांनी हळूच खिशात ठेवलं.

भिंगरीने 'मूळ रूपात' लिहिलेली चिठ्ठी उचलली आणि मुठीत चुरगळली. त्यानंतर ती दोन तास तिथे बसून होती. तिला एकही गाडी आठवत नाही.

घरी आल्यावर ती कचऱ्याचा रिकामा डबा गॅलरीत पालथा घालून बसली. आईने विचारलं काय शोधतेस, तर तिने डबा पुन्हा एकदा झटकून पाहिला. जॅमची बरणी मात्र होती. स्वच्छ धुतलेली, आई तिच्यात बटणं भरून ठेवणार होती. भिंगरीने ती उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली. काचेला हिरव्याचा एक डागसुद्धा राहिला नव्हता. काम सफाईने करायची सवय.

मग तिला फोटो आठवला. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर फोटो काढायची तिची पद्धत होती. तिने तो उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. अंगठा पडदाभर झाला. रेघ न् रेघ दिसत होती; डावीकडे एक तुटलेली, बहुतेक कधीतरी कापलं असेल.

ती धावत खिडकीशी गेली. "आजोबा. हा बघा. हा आहे. गेला नाहीये पूर्ण."

आजोबांनी फोन हातात घेतला, डोळ्यांना भिडवला. त्यांना हिरवट उजेड तेवढा दिसला असेल. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि नेहमीच्या जागी अंगठा टेकवला. चित्र आपोआप पुढे सरकलं आणि लाल व्हॅन आली.

"काच आहे ही," ते म्हणाले, आणि फोन परत दिला.

"तुम्ही सांगितलं का नाही मला? कधीच? नुसतं एवढं म्हणायचं होतं, की आजीची आहे म्हणून. मी हात लावला असता का?"

"नसता लावलास."

"मग?"

"मला कुठे वाटलं होतं सांगायला लागेल म्हणून." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "माझंच चुकलं ते."

"तुमचं नाही चुकलं. मला दिसलं होतं. खाली लाल नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि मी काहीतरी कारण शोधलं." आता ती रडत होती, नाकाडोळ्यांनी, लहान मुलीसारखी. "मी परत करते. हिरवा बनवते तसाच, फोटोवरून जुळवते. आणि ओला असताना मी अंगठा लावते. सगळे म्हणतात ना, माझे हात आजीवर गेलेत."

आजोबांनी तिचा हात घेतला. अंगठा चाचपला, हळूहळू, जसा साचा चाचपावा. बराच वेळ. भिंगरीला वाटलं, आता हो म्हणतील.

"गेलेत खरे," ते म्हणाले. "पण नको बाळा. हा तुझा आहे."

आणि त्यांनी कठड्यावरची व्हॅन उचलून तिच्या तळहातावर ठेवली.

"ठेव तुझ्या कपाटात. जागा ठेवलीयस ना तिला?"

"मला नको आहे ती."

"असं म्हणू नये. साचा माझा आहे, रंग तुझा आहे. चांगली गाडी आहे. तुझ्याकडेच शोभेल."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भिंगरीने राग शोधून पाहिला, सापडला असता तर बरं झालं असतं.

ती व्हॅन आता कपाटात मधल्या फळीवर मधोमध असते. एकशे त्रेचाळिसावी. घरी आलेल्या माणसाची नजर सगळ्यात आधी तिच्यावरच जाते, इतकी ती चमकते. चष्मेकाका एकदा आले तेव्हा म्हणाले, काम उत्तम आहे, आणि मग हवापाण्याचं बोलले. वहीतली जुनी नोंद भिंगरीने खोडली नाही. 'बहुतेक आत्या'च्या खाली एक ओळ लिहिली: आजीने बनवलेला हिरवा, एकच होती, मी काढला.

आजोबा रोज सकाळी चहा झाला की खिडकीतल्या खुर्चीत बसतात. हात कठड्यावर जातो, रिकामी जागा चाचपतो आणि मांडीवर परत येतो. मग ते मूठ मिटतात आणि अंगठा स्वतःच्याच बोटावर ठेवून बसतात. भिंगरी शाळेला निघताना दारातून "येते हो आजोबा" म्हणते. ते आवाजाच्या दिशेने बघून हसतात. अंगठा हलत नाही.